कॅडेट स्क्वॉड्रनसाठी माणसे कशी मिळवायची आणि कशी तयार करायची

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अमेरिकेतल्या सिव्हिल एअर पेट्रोल या हवाई दलाच्या साहाय्यक स्वयंसेवी संस्थेच्या गावातल्या स्क्वॉड्रनमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, कॅडेट आहे. स्क्वॉड्रन लहान आहे. अठरा मुले आणि नेमाने येणारी चार मोठी माणसे. कमांडरने भरती आणि नव्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षण तुमच्याकडे दिले आहे. कॉलेजात असताना एनसीसी केली होती, त्यापलीकडे अनुभव नाही. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात मोठ्या माणसांपासून करा, मुलांपासून नाही. बहुतेक स्क्वॉड्रन उलट करतात. शाळेत पत्रके वाटतात, एका महिन्यात पंधरा मुले येतात, आणि त्यांना सांभाळायला तीच चार माणसे उरतात. कॅडेटांच्या उपक्रमाला पडताळणी झालेली किमान दोन प्रौढ माणसे हजर लागतात. चारांपैकी दोघे कामानिमित्त बाहेरगावी आणि एकाच्या घरी आजारपण असले की शनिवारचा उपक्रम रद्द होतो. दोन शनिवार असे गेले की नव्या मुलांचे पालक हळूच यायचे थांबतात. म्हणून सप्टेंबरात मुले घ्यायची असतील तर मे-जूनमध्ये दोन-तीन मोठी माणसे अर्जाच्या रांगेत उभी असली पाहिजेत.

मोठी माणसे मिळत नाहीत, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. खरी अडचण बहुतेक वेळा वेगळी असते. सभेच्या शेवटी उभे राहून "आम्हाला स्वयंसेवक हवे आहेत, कुणी मदत कराल का?" असे विचारले की सगळे खाली बघतात. त्यात अनिच्छा नसते. काम किती, किती दिवस आणि जमले नाही तर काय, हे कुणालाच कळलेले नसते. विचारायचे ते एका माणसाला, नाव घेऊन, एकाच कामासाठी आणि मुदत सांगून. उदाहरणार्थ: "गणवेशाच्या कपाटाचे काम आहे. महिन्यातून दोन मंगळवार, प्रत्येकी एक तास. मापे घ्यायची, यादी ठेवायची, कमी पडेल ते मला कळवायचे. डिसेंबरपर्यंत बघा, नंतर नको वाटले तर सोडा." याला होकार मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि नकार आला तरी तो स्पष्ट येतो.

त्यासाठी आधी कामे फोडावी लागतात. कागद घेऊन बसा आणि चार माणसे आज जे जे करतात ते लिहून काढा. विमानफेऱ्यांचे वेळापत्रक, गाडीची व्यवस्था, परीक्षा घेणे, गणवेश, हिशेब, शाळांशी बोलणे, फोटो, पालकांना आठवड्याचा निरोप. अशी दहा-बारा कामे सहज निघतात. प्रत्येकाला अर्धे पान द्या: काय करायचे, महिन्याला किती तास, अडले तर कुणाला विचारायचे, कधी संपते. त्यातली निम्मी कामे गणवेश न घालता आणि कवायतीचा गंध नसतानाही करता येतात. ती नव्यांना द्यायची. एका जुन्या माणसाच्या डोक्यावर पाच टोप्या असतील तर त्यातल्या दोन आधी उतरवा. तो माणूस थकून गेला की पाचही कामे एकदम तुमच्या अंगावर येतील.

कुणाला विचारायचे? सर्वांत आधी कॅडेटांचे पालक. त्यांच्यासाठी कॅडेट स्पॉन्सर मेंबर नावाचा सदस्यत्वाचा प्रकारच आहे. आई-वडील, आजी-आजोबा किंवा कायदेशीर पालक यांना तो घेता येतो. हुद्दा नसतो, पण पडताळणी आणि कॅडेट संरक्षणाचे प्रशिक्षण झाले की मुलांची ने-आण आणि शिबिरात देखरेख करता येते. वेळ नसलेल्या पालकाला हेच सुचवा. पूर्ण सिनियर मेंबर, म्हणजे हुद्दा असलेला प्रौढ सदस्य, व्हायचा आग्रह पहिल्याच भेटीत धरू नका. दुसरा गट शिक्षकांचा. त्यांना एअरोस्पेस एज्युकेशन मेंबर होता येते आणि वर्गासाठी स्टेम किट (विज्ञान-तंत्रज्ञानाचे प्रयोगसंच) मिळतात. विज्ञानाच्या शिक्षिकेशी असे नाते जुळले की त्या शाळेचा दरवाजा तुमच्यासाठी उघडाच राहतो. तिसरा गट जुन्या कॅडेटांचा. अठराव्या वर्षी कॅडेटला सिनियर होता येते, किंवा एकविसाव्यापर्यंत कॅडेट राहता येते. सिनियर झाल्यावर कालच्या मित्रांशी नाते बदलते, हे त्यांना कुणीतरी बसून समजावून सांगावे लागते. ते न सांगितल्याने बरेच जण वर्षभरात दूर जातात. शिवाय वैमानिक, निवृत्त हवाई दलवाले, हॅम रेडिओवाले आहेत. वैमानिकाच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्या. केवळ विमान उडवण्यासाठी आलेल्या माणसाला दर आठवड्याच्या कॅडेट बैठकीत ओढू नका. तीन महिन्यांतून एकदा त्याच्याकडून मुलांना नकाशावर मार्ग आखायला शिकवून घ्या. तेवढ्यावर तो टिकतो.

मराठी कुटुंबांकडे जाताना एक अट आधीच सांगून टाका. सदस्यत्वाचा मूळ नियम नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांसाठी आहे. एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असलेल्या घरी अर्ज भरून, मुलाला गणवेशाचे स्वप्न दाखवून मग अडकण्यापेक्षा आधी विंगच्या, म्हणजे राज्य पातळीवरच्या, कार्यालयाला विचारून घ्या आणि उत्तर लेखी मिळवा. मंडळाच्या गणेशोत्सवात टेबल लावणार असाल तर तिथे ही गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत यायला हवी.

आता मोठ्या माणसाचा प्रवास. त्याला आधी तीन बैठकींना नुसते येऊ द्या. या तीन आठवड्यांत त्याच्याशी प्रत्येक वेळी एकच ठरलेला माणूस बोलला पाहिजे, नाहीतर तो भिंतीला टेकून उभा राहतो आणि चौथ्या वेळी येत नाही. मग दोन-तीन जुन्या सदस्यांनी बसून शांतपणे मुलाखत घ्यावी. का यायचे आहे, मुलांबरोबर आधी कुठे काम केले, तिथे कुणाशी बोलता येईल, हे विचारावे. संकोच करू नका. चांगल्या माणसाला हे प्रश्न आवडतात, आणि ज्याला ते खटकतात त्याच्याकडे नीट लक्ष द्यायला हवे.

त्यानंतर अर्ज आणि बोटांचे ठसे. सिनियर सदस्याची एफबीआयमार्फत पडताळणी होते आणि इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो. ठशांच्या एफडी-२५८ या कार्डावर ठसे पुसट उमटले किंवा सही राहिली की कार्ड परत येते आणि सगळे पुन्हा. ज्यांचे हात कोरडे आहेत, वय जास्त आहे किंवा हाताने कष्टाचे काम आहे, त्यांचे ठसे पुसट येतात. दोन-तीन दिवस आधीपासून हाताला क्रीम लावायला सांगा, ठसे देताना मात्र हात कोरडे हवेत. कार्डावरच्या सगळ्या रकान्यांवरून स्वतः नजर फिरवून मगच ते पाठवा.

पडताळणी चालू असतानाचा काळ रिकामा जाऊ देऊ नका, पण या काळात त्या माणसाला मुलांची जबाबदारीही देऊ नका. पत्रकाची मांडणी, शाळांच्या पत्त्यांची यादी, कपाटाची आवराआवर, अशी कामे द्या. पडताळणी झाली की कॅडेट संरक्षणाचा अभ्यासक्रम आणि लेव्हल वन, म्हणजे नव्या सिनियरचे पहिले प्रशिक्षण. लेव्हल वन ऑनलाइन आहे, म्हणून लोक ते घरी एकट्याने करायला सोडून देतात आणि ते महिनोन्महिने अर्धे राहते. उपाय सोपा आहे. बैठकीच्या संध्याकाळी एक खोली, एक लॅपटॉप आणि शेजारी मार्गदर्शक. दोन-तीन संध्याकाळी त्यालाच द्या आणि प्रत्येक धड्यानंतर "आपल्याकडे हे कसे करतो" याची दहा मिनिटे चर्चा करा.

कॅडेट संरक्षणाचे नियम वाचून समजतात, पण अंगवळणी पडत नाहीत. प्रसंग घेऊन बोला. बैठक संपली, एका मुलाची आई अर्धा तास उशिरा येणार आहे, सगळे निघालेत. काय कराल? दोन मोठी माणसे थांबतील, मूल दिसेल अशा जागी बसेल, आणि कुणीही त्याला एकट्याने गाडीतून घरी सोडणार नाही. कॅडेटने रात्री दहाला तुम्हाला खासगी मेसेज केला तर? उत्तर देताना पालक किंवा दुसरा सिनियर त्यात जोडा. हे प्रसंग तोंडाने बोलून घेतले की माणूस ऐनवेळी गोंधळत नाही.

लेव्हल वननंतरचे तीन महिने असे वाटा: पहिला महिना जुन्या माणसाच्या मागे राहून बघणे, दुसरा त्याच्या बरोबरीने करणे, तिसरा स्वतः करणे आणि जुन्या माणसाने मागे उभे राहणे. मग कुठल्या तरी कामाचा स्पेशालिटी ट्रॅक (त्या एका कामाचे खास प्रशिक्षण) निवडू द्या. त्यात टेक्निशियन, सिनियर, मास्टर अशा तीन पायऱ्या आहेत. कॅडेटांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला ट्रेनिंग लीडर्स ऑफ कॅडेट्स या मोठ्या माणसांसाठीच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्गाला पाठवा. तो जवळपास एका दिवसाचा असतो. विंगमध्ये तो वर्षातून मोजक्याच वेळा होतो, तेव्हा तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी नावे द्या.

इथे तुमच्या एनसीसीबद्दल. त्या अनुभवाचा उपयोग आहे, पण तीन गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतील. पहिली, कवायत. आपल्याकडे हात खांद्याच्या उंचीपर्यंत जातो आणि थम म्हटले की टाच आपटते. इथे हात पुढे सहा इंच, मागे तीन इंच, पाऊल चोवीस इंचांचे, आणि पाय आपटायचा नाही. जुनी सवय हाता-पायांत इतकी मुरलेली असते की आरशासमोर सराव केल्याशिवाय ती जात नाही, आणि मुले ती लगेच उचलतात. दुसरी, शिक्षा. चुकलेल्याला दहा दंड मारायला लावणे किंवा मैदानाला फेरी मारायला लावणे इथे चालत नाही. व्यायाम शिक्षा म्हणून देण्याला स्पष्ट मनाई आहे. तिसरी आणि सर्वांत अवघड, म्हणजे गप्प राहणे. इथे स्क्वॉड्रनची रोजची व्यवस्था मोठे कॅडेट चालवतात. पंधरा वर्षांची फ्लाइट सार्जंट (रांगेला आज्ञा देणारी कॅडेट) चुकीची आज्ञा देत असेल तर पुढे होऊन दुरुस्त करू नका. रांग मोडल्यावर तिला बाजूला घेऊन विचारा, "आज्ञेचा पहिला आणि दुसरा भाग यांत किती अंतर ठेवलेस?" मोठ्या माणसाने मुलांसमोर तिच्या हातून सूत्रे घेतली की तिचा शब्द पुढचे तीन महिने चालत नाही.

आता मुलांची भरती. वर्षभर एकेक मूल घेत राहणे बंद करा. ऑक्टोबरात एक, नोव्हेंबरात दोन, जानेवारीत एक अशी मुले आली की प्रत्येकासाठी तीच ओळख पुन्हा करावी लागते, ती कुणीच नीट करत नाही, आणि ते मूल दोन महिने मागच्या रांगेत दुसऱ्यांचे पाय बघत चालते. वर्षातून दोनदा तुकडी घ्या: एकदा सप्टेंबरच्या मध्यात, एकदा जानेवारीच्या शेवटी. सिव्हिल एअर पेट्रोलच्या कॅडेट ग्रेट स्टार्ट या आराखड्याचा गाभाही हाच आहे: ओपन हाउस (नव्या मुलांसाठी आणि पालकांसाठी खुली भेट), मग आठ आठवड्यांची ओळख, शेवटी समारंभ. अठरा कॅडेटांच्या स्क्वॉड्रनने एका वेळी आठ ते दहा मुले घ्यावीत. त्याहून जास्त आली तर जुनी मुले पाहुण्यांसारखी होतात.

बारावे वर्ष पूर्ण झाले की मूल सदस्य होऊ शकते, त्यामुळे सातवी-आठवीच्या वर्गांवर भर द्या. हायस्कूलमधली मुले तोवर बँड, पोहणे, डिबेट यांत गुंतलेली असतात. शाळेत मोठ्या माणसाने भाषण करण्यापेक्षा त्याच शाळेतला गणवेशातला कॅडेट जेवणाच्या सुटीत टेबलामागे उभा राहिला तर जास्त मुले थांबतात. परवानगीसाठी मुख्याध्यापकांना सहा आठवडे आधी लिहा. ओपन हाउसच्या दहा दिवस आधी पत्रके हातात पडावीत. फार लवकर दिली तर विसरली जातात.

ओपन हाउस सव्वा तासाच्या वर नेऊ नका आणि पडद्यावर स्लाइड दाखवत बसू नका. मुलांचे चार गट करा आणि प्रत्येकी बारा मिनिटांचे चार कोपरे लावा: फ्लाइट सिम्युलेटर, कागदी रॉकेट, सरावाचा बीकन (रेडिओ संकेत देणारे यंत्र) हातातल्या अँटेनाने शोधणे, आणि कवायतीच्या पाच आज्ञा. बीकन शोधण्याच्या कोपऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, कारण हरवलेले विमान खरोखर असेच शोधतात हे मुलांना तिथे कळते. त्याच वेळी पालक दुसऱ्या खोलीत. ही वीस मिनिटे मला मुलांच्या कोपऱ्यांपेक्षाही महत्त्वाची वाटतात. खर्च किती, गणवेश कसा मिळतो, आठवड्याला किती तास, सुरक्षिततेचे नियम काय, हे स्पष्ट सांगा. मराठी पालक हमखास दोन गोष्टी विचारतात. मुलाला फौजेत जावे लागते का? नाही, कसलेही बंधन नाही. ही स्वयंसेवकांची संस्था आहे, १ डिसेंबर १९४१ ला सुरू झालेली, १९४८ पासून हवाई दलाची अधिकृत साहाय्यक. पुढे कुणाला हवाई दलात भरती व्हायचेच असेल तर मिचेल हा कॅडेटांचा वरच्या टप्प्याचा पुरस्कार मिळवलेल्याला वरच्या वेतनश्रेणीत, ई-३ मध्ये, प्रवेश मिळतो. दुसरा प्रश्न कॉलेजच्या अर्जाचा. उपयोग होतो, पण तीन-चार वर्षे टिकून जबाबदारी घेतली तर. अकरावीत नाव नोंदवून काही साधत नाही, हे प्रामाणिकपणे सांगा. मंगळवारची बैठक आणि रविवारची मराठी शाळा एकमेकांच्या आड येत नाहीत, शनिवारचे उपक्रम मात्र येऊ शकतात. पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा छापून हातात द्या.

जाताना प्रत्येकाच्या हाती पुढच्या मंगळवारची तारीख असावी, आणि दोन दिवसांच्या आत फोन गेला पाहिजे. ईमेल पुरत नाही. मुलाला कॅडेटने फोन करावा, पालकांना मोठ्या माणसाने.

आठ आठवड्यांत काय करायचे याचा छापील आराखडा मिळतो, तो घ्या. गाडी जिथे घसरते तेवढेच मी सांगते. पहिल्या तीन आठवड्यांत निव्वळ कवायत भरली की मुले गळतात. प्रत्येक संध्याकाळी किमान अर्धा तास हाताने करायचे काही हवे. तीन-चार नव्या मुलांमागे एक कॅडेट एलिमेंट लीडर नेमा आणि तुकडी यायच्या आधी त्या लीडरांची एक पूर्ण शनिवार सकाळ तयारी घ्या: नावे पाठ करणे, दहा मिनिटांचा धडा देणे, चुकलेल्याला न ओरडता सुधारणे. धडा देण्याची रीत ठरवून द्या. आधी स्वतः करून दाखवायचे, मग सावकाश तुकडे पाडून, मग सगळ्यांकडून करून घ्यायचे, शेवटी एकेकाला तपासायचे. नवा लीडर नेहमी दुसरा टप्पा गाळतो आणि मग मुले चुकली म्हणून चिडतो.

मापे दुसऱ्याच आठवड्यात घ्या. समारंभाला आठातल्या तीन मुलांकडे गणवेश नसणे ही सर्वांत सामान्य आणि मुलांच्या मनाला सर्वांत लागणारी चूक आहे. कपाटात वापरलेल्या पँट आणि शर्ट सर्व मापांत ठेवा, विशेषतः लहान मापांत, कारण बारा वर्षांच्या मुलांना तीच कमी पडतात. सहाव्या आठवड्यात सरावाची परीक्षा, सातव्यात खरी. नापास झालेल्याला आठवड्याभरात पुन्हा बसवा. दोन बढत्यांमध्ये किमान ५६ दिवस जावे लागतात, त्यामुळे इथे मागे पडलेले मूल आपल्या तुकडीच्या मागेच राहत जाते आणि त्याला ते डाचत राहते. आठव्या आठवड्यात पालकांसमोर करी पुरस्कार, म्हणजे कॅडेटची पहिली बढती, आणि फीत आई किंवा वडिलांच्या हातून लावायची.

विमानफेरीबद्दल वेगळे सांगायला हवे. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक कॅडेटला पुढच्या आसनावरच्या फेऱ्या विनामूल्य मिळतात, इंजिनाच्या विमानातल्या पाच आणि ग्लायडरमधल्या पाच. मुले यासाठीच येतात. आणि सहा महिने झाले तरी फेरी झालेली नसते, कारण कुणी तारीखच मागितलेली नसते. तुकडी सुरू होताच विंगकडून एक तारीख आणि हवा बिघडली तर दुसरी, अशा दोन्ही मागा. ढग, वारा, विमानाची देखभाल यांमुळे दिवस रद्द होणे नेहमीचेच आहे. अशा दिवशी मुलांना घरी परत पाठवू नका. हँगरमध्ये विमानाची उड्डाणपूर्व तपासणी दाखवा, हवामानाचा अहवाल वाचायला शिकवा.

मार्चमध्ये मध्येच एखादे मूल आले तर? येऊ द्या, तीन भेटी होऊ द्या, शनिवारच्या उपक्रमाला बोलवा, आणि पुढच्या तुकडीची तारीख द्या. वाट बघणे तीन महिन्यांहून लांबणार असेल आणि अशी चार मुले जमली असतील तर छोटी तुकडी काढा.

शेवटचे काम नूतनीकरणाचे. सदस्यत्व वर्षाचे असते आणि तुकडीतल्या सगळ्यांचे एकाच सुमाराला संपते. ही तारीख तुकडी सुरू झाली त्याच दिवशी वहीत लिहा आणि दोन महिने आधी प्रत्येक घरी बोला. तोवर मूल उडाले का, त्याला बढती मिळाली का, उन्हाळ्याच्या एनकॅम्पमेंटला (निवासी शिबिराला) त्याचे नाव गेले का, हे तीन रकाने त्याच वहीत भरत राहा. मिचेलसाठी एनकॅम्पमेंट लागतेच, आणि अर्जाची मुदत बहुतेकांना संपल्यावर आठवते. ज्या नावापुढे तिन्ही रकाने रिकामे आहेत, त्या घरी दोन महिन्यांची वाट बघू नका, याच आठवड्यात फोन करा.